पेढे पोहोचले, नमस्कार राहिला

मराठी घरात पदवीचा खरा सोहळा विद्यापीठात होत नाही, तो घरी होतो. मुंबई, पुणे या विद्यापीठांना शेकडो महाविद्यालयं जोडलेली आहेत. तिथल्या दीक्षान्त समारंभात व्यासपीठावर जायचा मान मुख्यतः पीएच.डी. आणि पदकं मिळवणाऱ्यांना मिळतो. बाकीच्यांचं प्रमाणपत्र पुढे केव्हातरी कॉलेजच्या कार्यालयातून हाती पडतं. समारंभ म्हणायचा तो निकालाच्या संध्याकाळचा. देवापुढे पेढे ठेवायचे, आजी-आजोबांना वाकून नमस्कार करायचा, आई ओवाळते, मग पुडा घेऊन शेजारी, मामा-आत्या आणि शाळेतल्या बाईंकडे जायचं.

२०२० साली करोनाने मोडला तो नेमका हा समारंभ.

मोठ्या संस्थांनी सभागृहाला पर्याय शोधला. आयआयटी मुंबईने २३ ऑगस्ट २०२० रोजी अठ्ठावन्नावा दीक्षान्त समारंभ आभासी रूपात केला. विद्यार्थ्याची संगणकावरची प्रतिमा संचालकांच्या प्रतिमेकडून पदवी स्वीकारत होती. टोकियोत मार्चमध्येच एका विद्यापीठाने यंत्रमानवांना झगा-टोपी चढवली, चेहऱ्याच्या जागी टॅबलेट बसवला आणि त्यावर घरी बसलेला विद्यार्थी दिसू लागला. बर्कलीच्या मुलांनी तर माइनक्राफ्ट या खेळात आपलं अख्खं विद्यापीठ उभारून मे महिन्यात तिथे पदवीदान केलं. अमेरिकेत एमएस करणाऱ्या मुलांचे आईवडील याच मे महिन्यात तिकडे जायचे होते. विमानं मार्चमध्येच थांबली. शिकागोत सकाळी दहाला सुरू होणारा कार्यक्रम त्यांनी इथे रात्री साडेआठला, ताटं बाजूला सारून, पडद्यावर पाहिला.

आपल्याकडच्या बीए-बीकॉमच्या मुलांना तर धड दिवसही मिळाला नाही. उन्हाळ्यातली परीक्षा पुढे ढकलली गेली. राज्य सरकार म्हणालं, अंतिम वर्षाची परीक्षा नको. विद्यापीठ अनुदान आयोग म्हणाला, हवीच. २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की परीक्षेशिवाय पदवी नाही. ऑक्टोबरमध्ये बहुतेकांनी मोबाइल किंवा संगणकावर बहुपर्यायी प्रश्न सोडवले. जून ते ऑक्टोबर मूल पास आहे की नाही, हे घरालाच ठाऊक नव्हतं. पेढे आणायचे तरी कधी?

माझी भाची याच तुकडीतली. निकाल लागला तेव्हा मिठाईची दुकानं उघडली होती, त्यामुळे पेढ्यांची अडचण नव्हती. प्रश्न होता आजीचा. पासष्टीपुढच्यांनी घरातच राहावं, अशी सरकारी सूचना होती. भाचीने पुडा आजीच्या दाराच्या कडीला अडकवला आणि जिन्यात चार पायऱ्या खाली जाऊन उभी राहिली. आजीने दार उघडून तिथूनच निरांजन ओवाळलं. नमस्कार पोरीने पायरीला केला. आजी म्हणाली, "अगं, जवळ ये ना जरा." ती गेली नाही. त्या वेळी ते बरोबरच होतं, आणि दोघींनाही ते फार जड गेलं.

आपला सोहळा स्पर्शावर उभा आहे. पाठीवरून फिरणारा हात, तोंडात भरवलेला पेढा, पायांना लागलेलं कपाळ यांतलं काहीच कॅमेऱ्यातून जात नाही. माझ्या मते, त्यातही ज्या घरांनी प्रत्येकाला काहीतरी काम दिलं त्यांचा सोहळा रंगला. व्हिडिओ कॉलवर नुसते चेहरे गोळा केले की पाचव्या मिनिटाला सगळे अवघडतात. पण काकांनी गुणपत्रिका मोठ्याने वाचायची, आत्याने मुलाच्या पहिलीतली आठवण सांगायची, आजोबांनी शेवटी आशीर्वाद द्यायचा असं ठरवलं की तोच कॉल घरचा होतो. आणि पदवी ही एकट्याची कमाई नसते. फी भरण्यासाठी कुणी सोनं गहाण टाकलेलं असतं, कुणी पहाटे उठून डबा केलेला असतो. त्यांनाही तो दिवस हवा असतो.

म्हणून २०२० आणि २०२१च्या पदवीधरांना एक विनंती. तुमचं पदवी प्रमाणपत्र अजून कॉलेजातच पडून असेल, तर एकटे जाऊ नका आणि कुरिअरनेही मागवू नका. आईवडिलांना सोबत न्या. तिथून पेढे घ्या आणि जी वडीलधारी माणसं आज आहेत त्यांच्या घरी जाऊन राहिलेला नमस्कार करा.