छोट्या मालकाचा आरोग्यविमा: ‘शॉप’बद्दलचे गैरसमज

अमेरिकी संसदेचे सदस्य आणि त्यांच्या कार्यालयांतला कर्मचारीवर्ग सरकारी वाटा मिळणारा आरोग्यविमा कुठून घेतो? वॉशिंग्टन डीसीमध्ये छोट्या उद्योगांसाठी जो विमाबाजार आहे, तिथून. २०१० च्या आरोग्यसेवा कायद्यात, म्हणजे ज्याला सगळे ‘ओबामाकेअर’ म्हणतात त्यात, एक कलम आलं: जनतेसाठी जो कायदा करताय, त्यातल्याच योजनांमधून तुम्हीही विमा घ्या. पुढे नियम ठरवणाऱ्यांनी या मंडळींना ‘डीसी हेल्थ लिंक’च्या छोट्या मालकांच्या खिडकीसमोर उभं केलं. कोपऱ्यावरचा न्हावी आणि सिनेटर एकाच यादीतून योजना निवडतात, ही गोष्ट मला त्या सगळ्या कायद्यात सर्वात मजेशीर वाटते.

या खिडकीचं नाव ‘शॉप’: स्मॉल बिझनेस हेल्थ ऑप्शन्स प्रोग्रॅम. रेस्टॉरंट, पाळणाघर, दातांचा दवाखाना, दहाबारा जणांची सॉफ्टवेअर कंपनी असं काहीबाही चालवणारी मराठी माणसं अमेरिकेत पुष्कळ आहेत आणि मंडळाच्या गणेशोत्सवात विम्याचा विषय निघाला की प्रत्येकाकडे एक ऐकीव नियम असतोच. त्यातले बरेच नियम मुळात वैयक्तिक विम्याच्या मार्केटप्लेसचे असतात. तो बाजार वेगळा, त्याची सबसिडी वेगळी, मुदतीही वेगळ्या. बहुतेक गोंधळ या सरमिसळीतून होतो.

“सरकारी बाजार, म्हणजे विमाही सरकारी.”

नाही. भारतातून आलेल्या माणसाच्या डोक्यात ईएसआय असतं: पगारातून वर्गणी कापायची, मालकाने आपली भर घालायची आणि महामंडळाच्या दवाखान्यात जायचं. इथे तसं काही नाही. योजना खासगी विमा कंपन्यांच्याच. सरकार फक्त कोणती योजना यादीत बसते ते ठरवतं आणि तिला ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशी पायरी देतं. ब्राँझमध्ये उपचारांच्या खर्चाचा सरासरी ६० टक्के भार विमा उचलतो, पुढे ७०, ८० आणि प्लॅटिनममध्ये ९०. हे सरासरीचे आकडे आहेत हे विसरू नका. डिडक्टिबल भरून होईपर्यंत ब्राँझवाल्या कर्मचाऱ्याला ‘विमा असून नसल्यासारखा’ असंच वाटतं, आणि मग तो मालकाकडे येऊन बोलतो.

तीच योजना बाजारात आणि बाजाराबाहेर घेतली तर प्रीमियम तोच. ब्रोकर मध्ये घातल्याने तो वाढत नाही. त्याचं कमिशन विमा कंपनी देते. तेव्हा ‘स्वस्त पडेल’ म्हणून शॉपमध्ये जाण्यात अर्थ नाही. जायचं कारण एकच, ते म्हणजे कराची सवलत. तिच्याकडे येतोच.

“शॉप तर कधीच बंद पडलं.”

असं वाटण्याला कारण आहे. केंद्र सरकार ज्या राज्यांत हा बाजार चालवत होतं, तिथे २०१७ च्या सुरुवातीला जेमतेम ७,६०० मालक आणि ३९,००० च्या आसपास माणसं त्यात होती. एवढ्या मोठ्या देशात हे काहीच नाही. त्यामुळे २०१८ पासून हेल्थकेअर डॉट गव्हवर कर्मचाऱ्यांची नोंदणी करण्याची सोय काढून टाकली गेली. आता तिथे मालक पात्र आहे की नाही एवढं ठरतं आणि विमा थेट कंपनीकडून किंवा शॉपमध्ये नोंदलेल्या ब्रोकरमार्फत घ्यायचा. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स यांसारखी राज्यं मात्र स्वतःचा बाजार चालवतात. काही राज्यांत शॉपची एकही योजना मिळत नाही, हेही खरं. हवाईने तर रीतसर परवानगी घेऊन शॉप गुंडाळून ठेवलं, कारण तिथे १९७४ पासूनच आठवड्याला २० तास काम करणाऱ्यालाही मालकाने विमा द्यावा असा राज्याचा कायदा आहे.

“विमा दिला नाही तर दंड होतो.”

हवाईच्या राज्य कायद्याची गोष्ट वेगळी, पण ५० पूर्णवेळ-समतुल्य कर्मचाऱ्यांच्या आतल्या मालकावर केंद्राच्या कायद्याची सक्ती नाही. दंडाचा प्रश्न ५० पासून पुढे. मात्र एकदा शॉपमधून विमा द्यायचा ठरवला की आठवड्याला ३० तास किंवा जास्त काम करणाऱ्या सगळ्यांना द्यावा लागतो. आवडत्या दोघांना दिला आणि बाकीच्यांना नाही, हे चालत नाही. अर्धवेळवाल्यांना द्यायचा की नाही, ते मालकाच्या मर्जीवर.

‘पूर्णवेळ-समतुल्य’ या शब्दापाशी मात्र थांबायला हवं, कारण हिशेब इथेच चुकतो. समजा, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टमध्ये एका जोडप्याचं मिसळ-थालीपिठाचं रेस्टॉरंट आहे. चार आचारी आठवड्याला ४० तास, सहा पोरं-पोरी २० तास. शॉपमध्ये बसतो का हे बघताना अर्धवेळवाल्यांचे तास एकत्र करून ३० ने भागतात: १२० भागिले ३०, म्हणजे चार. अधिक चार आचारी, एकूण आठ. कराच्या सवलतीसाठी मात्र वर्षाचे २,०८० तास म्हणजे एक माणूस धरतात, म्हणजे आठवड्याचे ४०. तेच रेस्टॉरंट, तीच माणसं, आणि उत्तर सात. दोन्ही बरोबर आहेत. ब्रोकर आठ म्हणाला आणि अकाउंटंट सात, तर त्यांच्यात भांडण लावू नका.

मालक-मालकीण यात कुठेच नाहीत. मालक, त्याची बायको किंवा नवरा आणि मालकाचे जवळचे नातेवाईक सवलतीच्या हिशेबात धरतच नाहीत. नुसते नवरा-बायकोच दुकान चालवत असतील तर शॉपचा रस्ताच बंद. निदान एक परका कर्मचारी हवा आणि तोही पगारी, डब्ल्यू-टू वरचा. कंत्राटी म्हणून ठेवलेला, १०९९ फॉर्मवाला माणूस मोजत नाहीत. एच-वन-बीवरचा इंजिनियर मोजतात, त्याला विमाही मिळतो. पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील मात्र ‘कुटुंब’ म्हणून यात साधारणपणे बसत नाहीत. अवलंबित म्हणजे मुलं, २६ वर्षांपर्यंतची, आणि योजनेत असेल तर जोडीदार. हा प्रश्न दर उन्हाळ्यात कोणीतरी विचारतंच.

“कराची सवलत म्हणजे अर्धे पैसे परत.”

जाहिरातीत ‘५० टक्क्यांपर्यंत’ असं लिहिलेलं असतं आणि सगळी गंमत त्या ‘पर्यंत’मध्ये आहे. सवलत मिळते मालकाने भरलेल्या प्रीमियमवर. त्यासाठी समतुल्य कर्मचारी २५ पेक्षा कमी हवेत, मालकाने कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या प्रीमियमचा निदान निम्मा भार उचललेला हवा आणि सरासरी वार्षिक पगार ठराविक रकमेच्या आत हवा. पूर्ण ५० टक्के हवे असतील तर माणसं दहा किंवा कमी आणि २०२५ सालासाठी सरासरी पगार ३३,३०० डॉलरच्या आत. पगार त्याच्या दुपटीला पोचला की सवलत शून्य, आणि मधल्या पट्ट्यात ती उतरत जाते.

आता कॅलिफोर्निया बघा. २०२५ मध्ये राज्याचं किमान वेतन ताशी १६.५० डॉलर. त्याला २,०८० तासांनी गुणलं की ३४,३२०. म्हणजे सगळ्यांना कायद्याने देता येईल तेवढा कमीतकमी पगार दिला, तरी पूर्ण सवलतीची मर्यादा ओलांडलेलीच. ज्या राज्यात जगण्याचा खर्च इतका जास्त, तिथल्या मालकाला पूर्ण सवलत गाठताच येत नाही. मर्यादा देशभर एकच ठेवली, वेतन मात्र राज्याराज्यांत वेगळं, त्याचा हा परिणाम. मला ही कायद्यातली सरळ उणीव वाटते.

आपल्या फ्रीमॉन्टच्या रेस्टॉरंटचं काय? वर्षाचा एकूण पगार २,८०,००० डॉलर धरला तर सात जणांत सरासरी ४०,०००. चार आचाऱ्यांसाठी मालक महिन्याला प्रत्येकी ३०० डॉलर भरतो, वर्षाचे १४,४०० झाले. निम्मे म्हणजे ७,२००, त्यातून जास्त पगारापोटी जवळपास २० टक्के कापले की साधारण ५,७५० डॉलर उरतात, तेही प्रीमियम त्या भागाच्या सरासरीच्या आत असेल तर. वाईट नाही. पण ही सवलत लागोपाठ दोनच वर्षं, एकदाच मिळते. ती ८९४१ क्रमांकाच्या फॉर्मवर मागायची आणि साध्या धंद्याला ती देय करातूनच वजा होऊन मिळते. त्या वर्षी कर नसेल तर पुढच्या वर्षांत ओढता येते. तिसऱ्या वर्षी पूर्ण प्रीमियम आपला, हे धरूनच योजना निवडावी. पहिल्याच वर्षी हौसेने प्लॅटिनम घेतला की तिसऱ्या वर्षी कर्मचाऱ्यांना ब्राँझवर आणावं लागतं, आणि ते कोणीच विसरत नाही.

“एकाला मधुमेह असला की सगळ्यांचा प्रीमियम चढतो.”

२०१४ च्या आधी अनेक राज्यांत हे अगदी खरं होतं. पाच माणसांच्या गटात एकाचं मोठं आजारपण निघालं की नूतनीकरणाला कंपनी साऱ्या गटाचा दर वाढवायची. आता छोट्या गटाच्या विम्यात आजार विचारातच घेता येत नाही. वय, ठिकाण, तंबाखू आणि कुटुंबातली माणसं, एवढंच. वयाचा फरकही प्रौढांमध्ये तिपटीपर्यंतच. न्यूयॉर्क आणि व्हरमाँटमध्ये वयाचाही फरक करत नाहीत.

“विमा दिला म्हणजे कर्मचाऱ्याचं भलंच होतं.”

हा गैरसमज चांगल्या मनाचा आहे, म्हणून जास्त महागात पडतो. कमी पगाराचा कर्मचारी वैयक्तिक बाजारात केंद्राची सबसिडी घेऊन विमा घेत असेल, आणि मालकाने त्याला ‘परवडणारा’ विमा देऊ केला, तर त्याची सबसिडी जाते. त्याने मालकाचा विमा नाकारला तरी जाते. देऊ करणं पुरेसं आहे. ‘परवडणारा’ कशाला म्हणायचं, ते घरच्या उत्पन्नाच्या टक्केवारीवर ठरतं. कायद्यातला मूळ आकडा साडेनऊ टक्के, तो दरवर्षी थोडा हलतो. पूर्वी यात आणखी एक मेख होती. फक्त कर्मचाऱ्याचा प्रीमियम परवडणारा असला तरी बायकोमुलांचीही सबसिडी जायची, मग कुटुंबाचा प्रीमियम कितीही असो. २०२३ पासून कुटुंबाचा हिशेब वेगळा करतात. म्हणून सह्या करण्याआधी कर्मचाऱ्यांशी बोलावं. सगळे कमी पगारावर असतील तर शॉपचा विमा न देणं हेच कधीकधी त्यांच्या फायद्याचं ठरतं. पगार कमी-जास्त असलेल्या मिश्र गटात हे कोडं सोपं नसतं आणि तिथेच अनुभवी ब्रोकरची किंमत कळते.

“नोंदणी फक्त वर्षअखेरीस.”

ती वैयक्तिक बाजाराची. शॉपमध्ये मालक वर्षात कधीही येऊ शकतो. पण बऱ्याच राज्यांत अट असते की ज्यांना विमा देऊ केला त्यांतल्या ७० टक्क्यांनी तो घ्यावा. ज्यांच्याकडे जोडीदाराच्या नोकरीतून किंवा मेडिकेअरमधून आधीच विमा आहे, त्यांचा नकार इथे आड येत नाही. तरीही आकडा जुळत नसेल तर १५ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर या महिन्यात अर्ज करावा. त्या काळात ही अट लागत नाही आणि विमा १ जानेवारीपासून सुरू होतो.