हृषीकेशचा ताप

बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर तालुक्यात हिवरा आश्रम हे गाव आहे. पौषात तिथे स्वामी विवेकानंदांचा जन्मोत्सव होतो. अफाट पंगती बसतात आणि पुरी-वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद ट्रॅक्टरमधून वाढला जातो. शुकदास महाराजांनी उभारलेल्या इथल्या विवेकानंद आश्रमात शिक्षणाइतकाच मान रुग्णसेवेला आहे. संन्याशाच्या नावाने औषधपाणी का, याचं उत्तर गंगेच्या काठी सापडतं.

1890 सालची गोष्ट. विवेकानंद तेव्हा 27 वर्षांचे होते आणि त्यांना कोणी ओळखत नव्हतं. जुलैत कलकत्त्याजवळचा वराहनगर मठ सोडून ते हिमालयाकडे निघाले. अल्मोड्यात बहिणीने आत्महत्या केल्याची तार आली. तो घाव उरात घेऊनच ते गढवालमध्ये पायी हिंडले आणि हृषीकेशला पोचले.

तिथे साधूंच्या झोपड्या होत्या, गंगा होती. वैद्य मात्र नव्हता. विवेकानंदांना ताप आला आणि तो चढत गेला. मग एकाएकी अंग गार पडलं, नाडी लागेना. भोवती बसलेले गुरुबंधू रडू लागले. तेवढ्यात एक अनोळखी साधू आला आणि त्याने मधातून पिंपळीचं चूर्ण चाटवलं, असं चरित्रकार सांगतात. थोड्या वेळाने विवेकानंदांनी डोळे उघडले. आपल्या हातून एक मोठं काम व्हायचं आहे आणि ते होईपर्यंत विसावा नाही, असं त्या बेशुद्धीत जाणवल्याचं त्यांनी पुढे सोबत्यांना सांगितलं.

गंगातीरी मरण यावं म्हणून माणसं आयुष्यभर आस धरतात. या प्रवाशाला मात्र त्या काठावरून उपचाराविना तळमळणारे साधू आठवत राहिले. शिकागो गाजवून परतल्यावरही ते विसरले नाहीत. त्यांच्याच सांगण्यावरून त्यांचे शिष्य स्वामी कल्याणानंद यांनी 1901 मध्ये हरिद्वारजवळ कनखलला भाड्याच्या खोल्यांत सेवाश्रम सुरू केला.

मराठी वाचकाला अभिमान वाटावा असा माणूस पुढे कल्याणानंदांना येऊन मिळाला: स्वामी निश्चयानंद. पूर्वाश्रमीचे सूरजराव, लष्करातले मराठी शिपाई. औषधांची पेटी घेऊन ते कनखलहून हृषीकेशपर्यंत, म्हणजे पंचवीसेक किलोमीटर, पायी जात आणि झोपड्याझोपड्यांतून आजारी साधूंना तपासत. ज्या काठावर गुरू विवेकानंदांची नाडी हरवली होती, तोच हा काठ.

दोघेही रुग्णांची घाण स्वतः काढत. त्यामुळे सनातनी साधू त्यांना ‘भंगी साधू’ म्हणत, पंगतीला बोलावत नसत. हा छळच होता. अखेर हृषीकेशच्या कैलास आश्रमाचे धनराज गिरी यांनी एका मोठ्या भंडाऱ्याला त्यांना आग्रहाने बोलावलं आणि सगळ्यांसमोर मानाने बसवलं. त्यानंतर विरोध ओसरला.

विवेकानंद 4 जुलै 1902 रोजी, वयाच्या 39 व्या वर्षी बेलूर मठात निवर्तले. दहनही गंगेच्या काठीच झालं. कनखलच्या सेवाश्रमाचं रुग्णालय आजही चालू आहे.