राइसला ठेवायचं की सोडायचं? जुन्या वाइड रिसीव्हरचा हिशोब

नेहमीप्रमाणे हे आपल्या भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघात आलेलं थोडं इकडेतिकडे केलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय एका श्रोत्याच्या प्रश्नावरून निघाला. ते न्यू जर्सीत राहतात. त्यांचं म्हणणं असं: "आमच्या टीमचा वाइड रिसीव्हर आता तिशीच्या पुढे गेलाय. इतकी वर्षं टीमसाठी खेळला. दरवर्षी तीच चर्चा, ठेवा की सोडा. हे लोक नेमकं ठरवतात कसं?"

प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर द्यायला मला २००१ मध्ये जावं लागेल. कारण याच प्रश्नाचं सगळ्यात मोठं उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर घडलं, आणि त्याच महिन्यात माझ्यावरही तसाच एक निर्णय घ्यायची वेळ आली होती. तो कसा घेतला ते शेवटी सांगतो.

आधी थोडी ओळख

ज्यांना अमेरिकन फुटबॉल माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. क्वार्टरबॅक बॉल फेकतो. मैदानाच्या कडेने धावत जाऊन, बचाव करणाऱ्याला चकवून जो तो झेलतो, तो वाइड रिसीव्हर. वेग, हात आणि नेमक्या पावलावर वळण्याची कला, यांवर त्याचं पोट. यातला वेग आधी जातो. म्हणून तिशी उलटली की रिसीव्हरकडे सगळे संशयाने बघायला लागतात.

जेरी राइस हा या जागेवर खेळलेला सर्वोत्तम खेळाडू, याबद्दल फारसं दुमत नाही. मिसिसिपीतल्या गवंड्याचा मुलगा. लहानपणी वडिलांच्या हाताखाली काम करताना भावांनी फेकलेल्या विटा झेलायचा. १९८५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सनी त्याला १६ व्या क्रमांकावर घेतलं. कारकीर्द संपली तेव्हा त्याच्या नावावर १,५४९ झेल आणि २२,८९५ यार्ड होते. सॅन कार्लोसजवळच्या टेकडीवर तो पळायला जायचा. त्या चढावर भलेभले तरुण खेळाडू त्याच्यासोबत जाऊन धापा टाकत परत यायचे, अशी त्या भागात ख्याती.

मी २००० साली बे एरियात आलो. आम्ही चौघं एका अपार्टमेंटमध्ये. क्रिकेट बघायची सोय नव्हती, म्हणून रविवारी फुटबॉल लावायचो. नाशिकचा एक रूममेट राइसचा एवढा भक्त झाला की त्याने पहिल्या पगारातून ८० नंबरची जर्सी आणली. भाडं मात्र आम्ही तिघांनी भरलं.

२००० च्या शेवटी समोर काय होतं

आता टीमच्या खुर्चीत बसून बघा. राइसचं वय ३८. १९९७ मध्ये गुडघ्याचं लिगामेंट तुटलं होतं. त्याच मोसमात परत आला आणि गुडघ्याची वाटी फुटली. तरी १९९८ मध्ये त्याने १,१५७ यार्ड काढले. मग १९९९ मध्ये ८३०, आणि २००० मध्ये ७५ झेल, ८०५ यार्ड.

यार्डांना झेलांनी भागा. १९९५ च्या त्याच्या सर्वोत्तम मोसमात प्रत्येक झेलामागे १५ यार्ड होते. २००० मध्ये ते १०.७ वर आले. याचा साधा अर्थ असा लावला गेला की झेलतोय अजून, पण लांब पळत नाही.

दुसऱ्या बाजूला टेरेल ओवेन्स. वय २७. २००० मध्ये ९७ झेल, १,४५१ यार्ड. १७ डिसेंबर २००० ला शिकागो बेअर्सविरुद्धचा सामना. हा राइसचा घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना, असंच सगळे धरून चालले होते. स्टेडियम त्याला निरोप द्यायला आलेलं. आणि त्या दिवशी ओवेन्सने २० झेल घेतले. १९५० पासूनचा १८ झेलांचा विक्रम मोडला. मालकाच्या निरोप समारंभात नव्या मॅनेजरने सगळी कामं स्वतःच उरकून टाकावी, तसं झालं. आमचा नाशिककर टीव्हीसमोर गप्प बसला होता.

खरी अडचण पैशाची, पण जरा वेगळ्या अर्थाने

आयपीएलमध्ये प्रत्येक संघाला लिलावासाठी ठरावीक पर्स असते ना, तसंच एनएफएलमध्ये सॅलरी कॅप असते. मालक कितीही श्रीमंत असो, वरची मर्यादा सगळ्यांना सारखी. ही १९९४ मध्ये आली तेव्हा ३.४६ कोटी डॉलर होती. २००१ मध्ये साधारण ६.७४ कोटी. २०२५ मध्ये २७.९२ कोटी.

यात एक गोम आहे, ती नीट ऐका. खेळाडूला सही करताना जो बोनस मिळतो तो हातात लगेच पडतो, पण कॅपच्या वहीत तो कराराच्या वर्षांवर वाटून लिहितात. समजा ५ वर्षांचा करार, १ कोटीचा बोनस. वहीत दरवर्षी २० लाख. दोन वर्षांनी त्याला काढलं, तर उरलेले ६० लाख कुठे जातात? ते कॅपवर येऊन आदळतात. माणूस गेला, पैसे आधीच दिलेले, तरी वहीत खर्च दिसतोच. याला डेड मनी म्हणतात. आपल्याकडे विकलेल्या गाडीचे हप्ते फेडत बसणं म्हणतात, तेच हे.

१ जूननंतर सोडलं तर हे ओझं दोन वर्षांत विभागतं. आपल्या उदाहरणात २० लाख यंदा आणि ४० लाख पुढच्या वर्षी. त्या काळी जून उजाडला की मोठमोठी नावं एकदम मोकळी व्हायची, त्यामागे हे गणित असायचं.

फोर्टीनाइनर्सनी नव्वदच्या दशकात जिंकण्याच्या नादात बरेच हप्ते पुढे ढकलले होते. ते सगळे एकदम अंगावर आले. डोक्याला मार बसून स्टीव्ह यंग गेला, त्याने २००० मध्ये निवृत्ती घेतली. १९९९ मध्ये टीम १६ पैकी ४ सामने जिंकली, २००० मध्ये ६. बचावाची फळी नव्याने उभी करायची होती. बिल वॉल्श, ज्यांनी स्वतः राइसला निवडलं होतं, तेच आता कारभार बघत होते.

जून २००१ च्या सुरुवातीला राइसला मोकळं केलं. तो खाडीपलीकडे ओकलंडला गेला, रेडर्सकडे. कँडलस्टिकवरून गाडीने अर्ध्या तासाचं अंतर.

मग काय झालं?

इथे गोष्ट रंगते. २००१ मध्ये, ३९ व्या वर्षात पदार्पण करून, राइसने ८३ झेल आणि १,१३९ यार्ड काढले. २००२ मध्ये ९२ झेल, १,२११ यार्ड. झेलामागे १३ च्या वर. जानेवारी २००३ मध्ये तो ४० वर्षांचा असताना सुपर बोलमध्ये खेळला, टचडाउनही केला. रेडर्स टॅम्पाकडून ४८-२१ असे हरले, तो भाग वेगळा.

म्हणजे पाय संपले नव्हते. १०.७ हा आकडा निव्वळ पायांचा नव्हताच. टीममध्ये पहिला नंबर ओवेन्सचा झाला होता, लांबचे फेक त्याच्याकडे जात होते, राइसच्या वाट्याला आखूड झेल येत होते. ओकलंडमध्ये रिच गॅनन हा अचूक फेकणारा क्वार्टरबॅक, शेजारी टिम ब्राउन, सगळा खेळ नेमक्या वेळेच्या झेलांवर बेतलेला. अशा खेळात राइसची जाण तरुणांच्या वेगापेक्षा जास्त कामाची होती.

मग फोर्टीनाइनर्सची चूक झाली का? मला बरीच वर्षं तसंच वाटायचं. आता वाटत नाही. २००१ मध्ये राइसशिवाय ते १२ सामने जिंकले. ओवेन्सने १६ टचडाउन केले. २००२ मध्ये १० जिंकून प्लेऑफमधला एक सामनाही जिंकले. राइसच्या जागी आलेल्यांपैकी कुणी राइस नव्हता. जे. जे. स्टोक्सला कधीच एका मोसमात १,००० यार्ड गाठता आले नाहीत. तरी टीम सावरली.

एकाच वेळी दोन्ही गोष्टी खऱ्या: राइस अजून उत्तम होता, आणि त्या टीमने त्याला सोडणं बरोबर होतं. "सोडलं" म्हणजे "तो संपला" असा अर्थ आपण लावतो, तिथे गफलत होते. टीम खेळाडूवर निकाल देत नसते, ती स्वतःच्या घराचा हिशोब करत असते.

मग ठरवायचं कसं?

मी तीन प्रश्न विचारतो.

पहिला: घसरण कशाची आहे? पायांची, की भूमिकेची? लॅरी फिट्झजेराल्डचं उदाहरण घ्या. ॲरिझोनाचा रिसीव्हर. २०१२ ते २०१४ तीन वर्षं १,००० यार्डांच्या खाली. लोक म्हणाले, आटोपला. पण प्रशिक्षकांनी त्याला कडेवरून आत आणलं, म्हणजे स्लॉटमध्ये. तिथे वेगापेक्षा ताकद आणि डोकं लागतं. कराराचे आकडे नव्याने मांडले गेले. २०१५, २०१६, २०१७ तिन्ही वर्षी १०० हून जास्त झेल आणि १,००० हून जास्त यार्ड. २०२० पर्यंत त्याच टीमकडून खेळला.

दुसरा: त्याला ठेवल्यामुळे काय अडतं? पैसा अडतो का, की वाढणारा पोरगा अडतो? ओवेन्ससारखा तयार खेळाडू घरात असेल, तर जुन्याची किंमत एकदम बदलते. कुणीच नसेल, तर ३३ वर्षांचा भरवशाचा माणूस सोडून देणं म्हणजे छप्पर विकून पावसाळ्याची वाट बघणं.

तिसरा: कमी पैशात, कमी झेलांत तो राहील का, आणि आनंदाने राहील का? चेन्नईने २०२५ च्या आयपीएलसाठी धोनीला ४ कोटींत राखलं. भावनेचा मान राहिला आणि पर्सही फारशी हलकी झाली नाही. पण सगळ्यांनाच असं जमत नाही, आणि न जमणं हा गुन्हा नाही.

उलट बाजूही सांगतो. जॉर्डी नेल्सन, ग्रीन बे पॅकर्स. २०१६ मध्ये १४ टचडाउन, लीगमध्ये पहिला. २०१७ मध्ये क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स जखमी झाला आणि नेल्सन ४८२ यार्डांवर आला. मार्च २०१८ मध्ये, ३२ व्या वर्षी, त्याला सोडलं. कॅपमध्ये सुमारे १ कोटी डॉलर वाचले. गावभर हळहळ झाली. पण तो ओकलंडला जाऊन ७३९ यार्डांवर थांबला आणि एका वर्षात निवृत्त झाला. प्रत्येक जुना खेळाडू राइस निघत नाही. राइसचं उदाहरण लक्षात राहतं कारण ते दुर्मीळ आहे.

तेव्हा न्यू जर्सीचे दादा, माझं उत्तर असं: तुमच्या रिसीव्हरचं वय बघू नका, त्याच्या मागे रांगेत कोण उभं आहे ते बघा. कुणी नसेल तर एक वर्ष ठेवा, भूमिका बदलून आणि पैसे कमी करून. कुणी तयार असेल तर हात जोडून निरोप द्या, आणि तो दुसरीकडे चमकला तर टाळ्या वाजवा.

आणि माझी गोष्ट

जून २००१. डॉट-कॉमचा फुगा फुटलेला. मी एका छोट्या कंपनीत सहा जणांच्या टीमचा लीड होतो. मला सांगण्यात आलं, एक नाव द्या. टीममध्ये एक गृहस्थ होते, वय ५५ च्या आसपास, सगळ्यात जास्त पगार. गेल्या सहा महिन्यांत त्यांचं स्वतःचं काम कागदावर कमी दिसत होतं. मी त्यांचं नाव दिलं. दहा मिनिटं लागली असतील.

ते गेल्यावर महिनाभरात कळलं की त्यांचं काम कमी का दिसायचं. बाकीच्या पाच जणांचं अडलेलं काम तेच सोडवून देत होते. माझंसुद्धा. त्यांचा १०.७ हा आकडा पायांचा नव्हता, भूमिकेचा होता. फोर्टीनाइनर्सनी निदान समोर ओवेन्स बघून निर्णय घेतला. मी फक्त पगाराचा रकाना बघितला.

कदाचित तिन्ही प्रश्न विचारूनही मला त्यांचंच नाव द्यावं लागलं असतं. पैसे खरंच नव्हते. पण मग मी त्यांच्यासमोर बसून ते सांगू शकलो असतो. त्या दिवशी ते खोकं घेऊन लिफ्टकडे गेले, आणि मी मीटिंग आहे असं दाखवून खोलीत बसून राहिलो.

ऑगस्ट २००६ मध्ये फोर्टीनाइनर्सनी राइसला परत बोलावलं आणि नुसता नावापुरता करार केला, निवृत्ती त्यांच्या रंगात व्हावी म्हणून. कराराची रक्कम लिहिली होती १९,८५,८०६ डॉलर आणि ४९ सेंट. १९८५ हे आल्याचं वर्ष, ८० त्याचा नंबर, ०६ निवृत्तीचं वर्ष आणि ४९ टीमचं नाव. प्रत्यक्षात एक पैसाही द्यायचा नव्हता. सोडून दिल्यानंतर पाच वर्षांनी का होईना, त्यांनी दार उघडलं.

मी त्या गृहस्थांना फोन करायला त्याहून जास्त वेळ लावला. त्यांनी उचलला. पहिलं वाक्य काय बोलले माहितीये? "त्या बिल्डचं पुढे काय झालं रे?"

चला, आज इथेच थांबू. तुमच्या टीमचा, किंवा तुमच्या ऑफिसातला, असा कुणी असेल तर कळवा. पुढच्या भागात भेटू.