वसुलीची नोटीस आली, दाद कुठे मागायची?

तहसील कार्यालयातला अव्वल कारकून निवृत्तीला आला की त्याचं सेवापुस्तक वेतनपडताळणी पथकाकडे जातं. पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी एक वेतनवाढ चुकीच्या तारखेपासून लावलेली असते, ती तिथे सापडते. मग ‘अतिप्रदान रक्कम’ ग्रॅच्युइटीतून कापण्याचा आदेश निघतो. चूक आस्थापना शाखेची, भुर्दंड कारकुनाला.

रफीक मसीह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ रोजी याबाबत निःसंदिग्ध सांगून ठेवलंय: तृतीय-चतुर्थ श्रेणीचे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात होणारे, पाच वर्षांहून अधिक काळ चाललेलं जादा प्रदान, अशा ठिकाणी वसुली नको. मेख असते ती जादा रक्कम परत करण्याच्या हमीपत्रात. वेतन आयोग लागू होताना गठ्ठ्याने सह्या घेतल्या जातात, वाचतो कोण? २०१६ च्या जगदेव सिंग निकालात न्यायालयाने अशाच सहीवर बोट ठेवून वसुलीला मुभा दिली, फक्त हप्ते पाडून दिले.

पण हे सारं मांडायचं कुणापुढे? १९८५ च्या प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्याने कारकुनाला दिवाणी कोर्ट बंद. त्याने आधी ‘मॅट’कडे, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जायचं, तेही सर्वसाधारणपणे अंतिम आदेशापासून वर्षभरात. उच्च न्यायालय त्यानंतर. १९९७ च्या एल. चंद्रकुमार निकालाने हा क्रम ठरवून दिला. त्याचा भाऊ जिल्हा परिषदेत शिक्षक असेल तर त्याला मॅट नाही, त्याची रिट थेट उच्च न्यायालयात. पोस्टातल्या शेजाऱ्याला ‘कॅट’, म्हणजे केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण. चूक तीच, पण वकिलाचा पहिला प्रश्न ‘नोकरी कुणाची?’

आता समजा, वसुलीची यादी नावं, रकमा, खाते क्रमांकांसकट कार्यालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडली. खासगीपणा २०१७ पासून निर्विवाद मूलभूत हक्क आहे. त्याआधी, २०१२ मध्ये, अकोल्याच्या भविष्यनिर्वाह निधी कार्यालयातल्या एका अधिकाऱ्याबाबत माहिती अधिकारात मागितलेले मेमो आणि कारणे दाखवा नोटिसाही सर्वोच्च न्यायालयाने वैयक्तिक माहिती ठरवल्या होत्या. तरी यादी फुटल्याची तक्रार वसुलीच्या अर्जात सहज बसत नाही. टप्प्याटप्प्याने लागू होणाऱ्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात तिच्यासाठी वेगळं मंडळ आहे, अपील दूरसंचार न्यायाधिकरणाकडे, आणि दिवाणी कोर्टाला इथेही मज्जाव. मंडळाने दंड केलाच, तर तो भारताच्या एकत्रित निधीत जमा होईल: राज्याच्या तिजोरीतून केंद्राच्या तिजोरीत. कारकुनाला नुकसानभरपाई देण्याचा अधिकार मंडळाला नाही.