समता-काल सममिती आणि प्रकाशीय प्रणाली : लाभ व ऱ्हास यांच्या समतोलाची मर्यादा

पुंजयामिकीच्या अध्यापनात हॅमिल्टोनियन कारक हर्मिशियन असलाच पाहिजे, असे गृहीतक प्रारंभीच मांडले जाते. ऊर्जेची मूल्ये वास्तव यावीत व एकूण संभाव्यता अबाधित राहावी, हा त्यामागील हेतू होय. वास्तव मूल्यांसाठी ही अट पुरेशी असली तरी आवश्यक नाही, हे कार्ल बेंडर व स्टेफान बॉटशर यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले. अवकाशाचे परावर्तन आणि काळाचा विपर्यास या दोन्ही क्रिया एकत्रित केल्यावर हॅमिल्टोनियन जसाच्या तसा राहत असेल, तर विभव संमिश्र असूनही मूल्ये वास्तव येऊ शकतात. यालाच समता-काल सममिती म्हणतात.

येथे ‘येऊ शकतात’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. केवळ सममिती असणे पुरत नाही. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातील झफर अहमद यांनी २००१ मध्ये एका पूर्णतः सोडविता येणाऱ्या विभवासाठी नेमकी सीमा दिली. योग्य एककांत, विभवाच्या काल्पनिक भागाचे प्रमाण हे वास्तव भागाच्या प्रमाणात पाव मिळवून येणाऱ्या संख्येपेक्षा अधिक नसेल, तोवर सर्व बद्ध मूल्ये वास्तव राहतात. सीमा ओलांडताच ती संमिश्र होतात.

प्रयोग करावयाचा, तर संमिश्र विभव आणावयाचा कोठून? हा प्रश्न प्रकाशशास्त्राने सोडविला. तरंगमार्गकातील प्रकाशाचे समीकरण श्रोडिंगर समीकरणाच्याच रूपाचे असते. फक्त काळाच्या जागी मार्गकातील अंतर आणि विभवाच्या जागी अपवर्तनांक येतो. अपवर्तनांकाचा काल्पनिक भाग म्हणजे प्रकाशाचा लाभ किंवा ऱ्हास. एका मार्गकात जेवढा लाभ, तेवढाच शेजारच्या मार्गकात ऱ्हास ठेवला की सममिती साधते.

भोर-वेल्ह्यातील समपातळीच्या दोन भातखाचरांची कल्पना करावी. एकात ओढ्याचे पाणी येते, दुसऱ्यातून खेकड्यांच्या बिळांवाटे तेवढेच झिरपते. मधल्या बांधातील वाट पुरेशी रुंद असेल, तर दोन्हींतील पाणी स्थिर राहते. अरुंद असेल, तर एक ओसंडते व दुसरे आटते. प्रकाशात या वाटेचे काम मार्गकांमधील युग्मन करते. दाखला इथवरच चालतो, कारण पाण्याला तरंगाची कला नसते. युग्मन आणि लाभ-ऱ्हास समसमान होतात तेव्हा प्रणालीच्या दोन भिन्न अवस्था एकरूपच होतात. हा अपवादात्मक बिंदू होय.

२००८ मध्ये मुस्लिमानी व सहकाऱ्यांनी अहमद यांचाच विभव अरेषीय प्रकाशशास्त्रात वापरला. २००९ मध्ये तर एक विलक्षण निरीक्षण हाती आले. दोनपैकी एका मार्गकातील शोषण वाढवीत नेले असता एकूण पारेषण आधी घटले. पण सीमेपलीकडे ते पुन्हा वाढू लागले! प्रकाश शोषक मार्गकात शिरण्याचेच टाळू लागला होता. पुढील वर्षी लोहमिश्रित लिथियम नायोबेटमध्ये प्रत्यक्ष लाभासह ही सममिती दिसली. अर्थात हे प्रयोग अभिजात तरंगांचे आहेत. त्यांनी गणिताची साक्ष दिली, पुंजयामिकीचे गृहीतक बदलले नाही. वर्गात शिकविताना हा भेद पाळला जावा.

खरा वाद संवेदकांचा आहे. अपवादात्मक बिंदूजवळ कंप्रतांमधील अंतर बाह्य बदलाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे सूक्ष्म बदलही ठळक दिसतो. २०१७ मधील दोन प्रयोगांनी याविषयी मोठी आशा निर्माण केली. परंतु तेथे अवस्था परस्परलंब राहत नाहीत आणि गोंगाटही वाढतो. २०२० मध्ये कॅलिफोर्निया तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी लेसर घूर्णदर्शीवर मोजमाप केले, तेव्हा वाढलेला प्रतिसाद वाढलेल्या गोंगाटाने पुरता खाऊन टाकल्याचे आढळले.