उपकरण क्रमांकन, संगणकातील
संगणकास जोडलेल्या डिस्क, कळफलक, नेटवर्क कार्ड इ. उपकरणांना प्रचालन प्रणालीच्या कर्नेलने क्रमांक व नाव देण्याची पद्धती. कर्नेल म्हणजे प्रचालन प्रणालीचा यंत्रसामग्रीशी थेट व्यवहार करणारा गाभा होय.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी १९६९ पासून विकसित केलेल्या युनिक्स प्रणालीत उपकरणे फाइलींच्या रूपाने दर्शविण्यात आली. अशा फाइलीत मजकूर नसतो. तिला दोन क्रमांक जोडलेले असतात. मुख्य क्रमांकावरून कोणती चालक आज्ञावली वापरावयाची हे कर्नेलला कळते व गौण क्रमांकावरून त्या आज्ञावलीला नेमके उपकरण ओळखता येते. १९९१ मध्ये निर्माण झालेल्या लिनक्सने हीच पद्धती स्वीकारली. तीत स्कझी डिस्कांचा मुख्य क्रमांक ८ असून पहिल्या डिस्कचा गौण क्रमांक ०, तर दुसरीचा १६ असतो. १ ते १५ हे क्रमांक पहिल्या डिस्कच्या विभागांसाठी असतात.

जुन्या आयडीई डिस्कांचे नाव त्या ज्या केबलवर व ज्या जागी जोडल्या असतील त्यावरून ठरत असे. स्कझी आणि पुढे साटा व यूएसबी डिस्कांना मात्र सापडण्याच्या क्रमाने ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशी नावे मिळतात. नवी डिस्क जोडल्यास किंवा एखादीने उशिरा प्रतिसाद दिल्यास हा क्रम बदलू शकतो. परिणामी संगणक सुरू न होणे किंवा रिकाम्या डिस्कसाठी दिलेल्या आज्ञेने भरलेली डिस्क पुसली जाणे, असे अनर्थ संभवतात.

यावर उपाय म्हणून २००३ मध्ये ‘यूडेव्ह’ ही आज्ञावली पुढे आली. उपकरणाच्या अनुक्रमांकासारख्या गुणधर्मांवरून ती त्यास स्थिर नाव देते. फाइल प्रणाली तयार करताना डिस्कवरच लिहिला जाणारा १२८ बिटांचा ओळखक्रमांकही याच कामी येतो. नेटवर्क कार्डांसाठी ‘सिस्टिमडी’च्या २०१३ मधील आवृत्तीने खाचेच्या स्थानावर आधारित नावे रूढ केली, कारण आतील व बाहेरील जोडण्यांची नावे परस्पर बदलल्यास संरक्षणाचे नियम भलत्याच बाजूस लागू होतात.

या उपायांनाही मर्यादा आहेत. कार्ड दुसऱ्या खाचेत बसविल्यास त्याचे नाव बदलते आणि डिस्कची हुबेहूब प्रत काढल्यास दोन डिस्कांचा ओळखक्रमांक एकच होतो. म्हणून उपकरण ओळखताना क्रम, स्थान व स्वतःची खूण यांपैकी कशावर विसंबावयाचे, हे कार्यानुसार ठरवावे लागते.