कार्यरत स्मृती व औषधे

ऐकलेली वा पाहिलेली माहिती काही सेकंद मनात धरून तिच्यावर मनोव्यापार करण्याच्या क्षमतेस ‘कार्यरत स्मृती’ म्हणतात. तोंडी हिशेब करताना हातचा अंक ध्यानात राहतो, तो तिच्यामुळे. मेंदूच्या ललाटखंडाचा पुढील भाग तिला विशेष आधारभूत असून ॲसिटिलकोलीन, डोपामीन इ. रासायनिक प्रेषकांवर तिचे कार्य अवलंबून असते. त्यामुळे निरोगी माणसातही औषधांनी ती बदलते.

जळगाव व धुळे जिल्ह्यांत उकिरड्यावर, पडीक जागी उगवणारा धोत्रा हे याचे परिचित उदाहरण होय. महादेवाला वाहिल्या जाणाऱ्या या वनस्पतीच्या सर्व भागांत, विशेषतः बियांत, स्कोपोलामीन, हायोसायमीन व ॲट्रोपीन ही अल्कलॉइडे असतात. स्कोपोलामीन मेंदूत सहज शिरून ॲसिटिलकोलिनाची क्रिया अडविते. विषबाधेत तोंडाला कोरड पडते, बाहुल्या विस्फारतात, रुग्ण असंबद्ध बडबडतो व नसलेल्या वस्तू हवेतून वेचू लागतो. पुढे त्याला त्या वेळचे बहुधा काहीच आठवत नाही. एकोणिसाव्या शतकात प्रवाशांना अन्नातून धोत्रा घालून लुटणाऱ्यांना हाच गुण सोयीचा होता. नॉर्मन चेव्हर्स यांच्या न्यायवैद्यकावरील ग्रंथात (१८५६) अशा गुन्ह्यांची चर्चा आढळते.

ड्राकमन व लेव्हिट यांनी १९७४ मध्ये निरोगी तरुणांना स्कोपोलामीन देऊन परीक्षा घेतली. ऐकलेले थोडे अंक लगेच म्हणून दाखविण्यात फारशी अडचण आली नाही. परंतु त्याहून लांब मालिका मनात साठविणे अवघड झाले. हा दोष वृद्धांतील विस्मरणासारखा दिसला.

याउलट फायसोस्टिग्मीन ॲसिटिलकोलिनाचे विघटन रोखते. फ्युरी व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ते निरोगी व्यक्तींना दिले, तेव्हा पाहिलेले चेहरे ओळखण्याचा वेग वाढला आणि उजव्या पूर्वललाट भागातील रक्तप्रवाह मात्र घटला. म्हणजे मेंदूची अधिक सक्रियता हे अधिक चांगल्या स्मृतीचे लक्षण नव्हे. ॲम्फेटामिनाबाबतही २००० मधील एका अभ्यासात मुळात कमी क्षमता असणाऱ्यांची कामगिरी सुधारली, तर चांगली क्षमता असणाऱ्यांची खालावली. परीक्षेसाठी उत्तेजक गोळ्या घेणाऱ्या निरोगी विद्यार्थ्याचे त्यामुळे नुकसानही संभवते. कॅफिनाचा लाभ मुख्यतः झोप व थकवा दूर करण्यापुरता असतो.

फायसोस्टिग्मीन ज्या एंझाइमाला रोखते, त्यालाच कपाशीवर फवारली जाणारी ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशके निकामी करतात; त्यांचा परिणाम मात्र दीर्घकाळ टिकतो. त्यामुळे खानदेशासारख्या कापूसप्रदेशात या रसायनशास्त्राला व्यावहारिक महत्त्व आहे. त्वचेतून वा श्वासावाटे विष शरीरात गेल्यास घाम व लाळ सुटते, बाहुल्या आकुंचन पावतात, छातीत स्राव साठतो आणि विचार गोंधळतात. यावर धोत्र्यातही असणारे ॲट्रोपीन देतात. छातीतील स्राव आटेपर्यंत त्याची मात्रा वाढवीत नेतात. ती प्रमाणाबाहेर गेल्यास रुग्णाला ताप येऊन धोत्रा खाल्ल्यासारखा भ्रम होतो व मग ॲट्रोपीन काही काळ थांबवावे लागते.